पायरीवरच्या चपला

बुऱ्हाणपूरच्या इतवारा मोहल्ल्यातून नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या मध्यावर आमची खोली आहे. तिच्यावर पाटी आहे, पाटीवर मंडळाचं लांबलचक नाव आहे, पण गणपतीच्या पत्रिकेखेरीज ते नाव कुठे दिसत नाही. रात्रीची जेवणं झाली की माणसं "खोलीवर चाललो" म्हणतात आणि घरच्यांना कळतं की हा आता झोपायलाच परत येणार. कोपऱ्यात कॅरम, मध्ये सतरंजी, एक पेटी, एक तबला, आणि भिंतीला टेकून बसलेले आठ-दहा म्हातारे. भजनानं सुरू झालेली बैठक जुन्या सिनेमाच्या गाण्यांवर कधी घसरते ते कुणालाच कळत नाही. पेटी वाजवतात माझे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणतो. मी बुधवारा मोहल्ल्यात त्यांच्याबरोबरच राहते, शाळेत शिकवते, आणि लहानपणापासून खोलीवर जाते. बायकांचा वार गुरुवारचा, पण मला कुणी वार सांगितला नाही. सांगून उपयोग नव्हता, हेही त्यांना माहीत असावं.

खोलीचा एक रिवाज आहे. आत देवाचा फोटो आणि पेटी असते म्हणून चपला बाहेर, पायऱ्यांवर काढायच्या. बैठक संपली की ज्यांच्याकडे किल्ली ते काका दारात उभे राहून पायऱ्यांकडे बघतात. चपला दिसल्या तर आत कुणीतरी आहे, कॅरमच्या सोंगट्या आवरतंय किंवा भिंतीला टेकून झोपलंय. चपला नसल्या तर आत कुणी नाही, मग कुलूप. काका नानांचे शाळेपासूनचे दोस्त. कितीतरी वर्षं त्यांनी याच पद्धतीनं कुलूप लावलं आणि एकदाही चूक झाली नाही.

गेल्या श्रावणात तापी चढली. दिवसभर चढत होती, आणि बुऱ्हाणपुरातली माणसं नदी चढली की घाबरण्याआधी बघायला जातात, तशी सगळी बघून आली होती. संध्याकाळी म्हातारे खोलीवर जमले ते सामान वर टाकायला. सतरंज्या कपाटावर, कॅरम खिडकीत. नाना पेटी घेऊन मागच्या अंधाऱ्या भागातल्या माळ्यावर चढले. तेवढ्यात पोलिसांची गाडी भोंगा वाजवत आली, वर पाऊस फार झालाय, काठ सोडा. दिवे गेले. पाणी पायऱ्या चढून दाराशी आलं आणि जाता जाता पायऱ्यांवरच्या चपला घेऊन गेलं. सगळे अनवाणी पळाले. दार उघडं राहिलं तर सामान वाहून जाईल म्हणून काका मागे थांबले. त्यांनी सवयीनं पायऱ्यांकडे बघितलं. एकही चप्पल नव्हती. त्यांनी कुलूप लावलं.

त्यांच्या स्वतःच्या पायातही चप्पल नव्हती! हे मी नंतर किती वेळा स्वतःशी आणि मोठ्यानं म्हटलं असेन. पायाला थंड पाणी लागतंय, आपली चप्पल गेली हे कळतंय, आणि तरी माणूस पायरीकडे बघून ठरवतो की आत कुणी नाही. नानांचा एक कान कमी काम करतो. दार लागल्याचं त्यांना उशिरा कळलं. त्यांनी हाका मारल्या, पण नदीच्या आवाजापुढे पेटीवाल्याचा गळा किती चालणार?

नानांचा मोबाइल घरी चार्जिंगला होता. मला वाटलं ते काकांकडे थांबले असतील, इतवाऱ्यातलं त्यांचं घर जवळ आहे. मी फोन करून म्हटलं, "काका, नानांना आज तिकडेच झोपवा, येऊ देऊ नका." ते म्हणाले, "पोरी, तो तुझ्याकडे नाही आला?"

ती रात्र मी लिहिणार नाही. पहाटे उजाडता उजाडता खोलीच्या छपरातली दोन कौलं सरकली आणि त्यातून एक हात बाहेर आला. गल्लीतली पोरं ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन पोहत गेली आणि त्यांनी नानांना कौलांतून वर ओढलं. आधी पेटी घ्या, मग मी येतो, असं ते म्हणाले म्हणे. माझे वडील आहेत, नक्कीच म्हणाले असतील. काका रात्रभर पाण्याच्या कडेला उभे होते, दोघांनी त्यांना धरून ठेवलं होतं, आणि त्यांच्या मुठीत किल्ली होती. ती किल्ली बघून माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी ओरडले, "किल्ली घेऊन काय उभे राहता आता? देवळात वाहा ती!" दोन दिवसांनी त्यांची सून रुमालात गुंडाळलेली किल्ली आमच्याकडे ठेवून गेली. काका मात्र आले नाहीत.

नाना बरे होते. डॉक्टरही म्हणाले, बरे आहेत. फक्त घरातलं कुठलंही दार त्यांना बंद चालेना. रात्री पुढचं दार सताड उघडं ठेवून ते उंबऱ्याजवळ गादी टाकायचे. न्हाणीघराच्या दाराला बादली लावून ठेवायचे, म्हणजे ते वाऱ्यानंही लागू नये. मी शाळेतून यायची तर नाना अर्ध्या उघड्या दाराआड अंगावर पाणी घेताना आणि गल्लीतली मांजर आत बसलेली. हसू दाबत मी मांजरीला हाकलायची. एकदा मी चुकून स्वयंपाकघराचं दार लोटलं. ते आत चहा गाळत होते. गाळणं तसंच टाकून ते इतक्या जोरात बाहेर आले की दाराची कडीच उखडली. त्यानंतर घरात दार लोटायची माझी हिंमत झाली नाही.

पाणी उतरल्यावर खोलीतला गाळ काढायलाच कितीतरी दिवस लागले. चुना लावला, नवी सतरंजी आणली. मंडळानं ठरवलं, कोजागिरीला खोली उघडायची. दरवर्षी त्या रात्री तिथे कढईत दूध आटतंच, तेव्हा यंदाही आटू दे. मी नानांना सांगितलं, आपण जायचं नाही. त्यांनी ऐकल्यासारखं केलं. आणि कोजागिरीच्या दिवशी दुपारी खिळ्यावरची किल्ली काढून, पायात नव्या चपला सरकवून इतवाऱ्याकडे निघाले. मी मागोमाग.

काका आपल्या घराच्या ओट्यावर बसले होते. मला बघून उठायला लागले. दोन महिन्यांत माणूस अर्धा झाला होता, हे मी नाइलाजानं बघितलं. नानांनी किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"घे. सांजच्याले उघडनं आहे."

"माझ्यानं नाही होत," काका म्हणाले. "दुसऱ्या कोनाले दे."

"दुसरा कोन? तू नाही आला तर मी बी नाही जात. पेटी बी नाही वाजत मग. बस, खतम."

"मी तुले कोंडलं रे," काका म्हणाले. बस एवढंच. नाना त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले आणि त्यांनी किल्ली दोघांच्या मध्ये ठेवली. मला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. आला नाही, म्हणून मी स्वतःवरच रागावले. शेवटी काकांनी किल्ली घेतली, पण खिशात टाकली नाही, हातातच धरून ठेवली.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. कोजागिरीचं चांदणं म्हणून लोक वर बघत होते, आणि मी खाली, नदीकडे. नदी आपली शहाण्यासारखी तळाशी वाहत होती, पण माझा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. शेजारच्या मुलानं मोबाइल पुढे केला, "दीदी, देखो, तापी फिर चढ़ रही है." पाणी पुलाला भिडलेला व्हिडिओ. मी मोबाइल त्याच्या हातातून घेतला. नीट बघितलं तर तो श्रावणातलाच होता, कुणीतरी परत पाठवलेला. त्या पाठवणाऱ्याला मी मनातल्या मनात जे बोलले ते शिक्षिकेनं बोलू नये. तरीही मी एक अर्धी वीट उचलली आणि पाण्याच्या अगदी वरच्या कोरड्या पायरीवर नेऊन ठेवली. वीट भिजली तर उठायचं.

काकांनी कुलूप काढलं. माणसं आली, मला वाटलं त्यापेक्षा जास्त. पण पायऱ्या रिकाम्या! कुणी चपला काढेचना. काढल्या तरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशातली गत. अर्धा इतवारा चपला मांडीखाली घेऊन भजनाला बसला होता. एका आजींनी तर पिशवीला गाठ मारून ती पदरात धरली होती. देवाच्या फोटोकडे बघून मला वाटलं, बाबा, आज तेवढं चालवून घे.

नाना दारापाशी थांबले. आत एक पाऊल, मग बाहेर. मी म्हटलं, "नाना, बाहेरच बसा ना, पेटी इथे आणते." त्यांनी हातानंच नको म्हटलं. त्यांनी चपला काढल्या आणि पायरीवर ठेवल्या, नेहमीच्या जागी, एकमेकींना लागून. पायऱ्यांवर तेवढाच एक जोड. मग आत जाऊन ते पेटीपाशी बसले, दार समोर दिसेल असे. पेटीचे दोन सूर पुरात गेले होते. ते आले की नाना गळ्यानं भरून काढायचे आणि लोक हसायचे. हसताना सगळ्यांचा एक कान नदीकडे होता. भजनाच्या दोन ओळींमध्ये शांतता झाली की माना दाराकडे वळायच्या. मी दर थोड्या वेळानं खाली जाऊन वीट बघून यायची. कोरडी. पुन्हा जायची. कोरडी. दूध प्यायले की नाही, आता आठवतही नाही.

हळूहळू माणसं उठली, पिशव्या घेऊन वर चढली. मी, नाना आणि काका राहिलो. काका दारात उभे राहिले आणि त्यांनी पायऱ्यांकडे बघितलं. मग चटकन आत जाऊन माळा बघितला, कपाटामागे बघितलं, सतरंजी उचलून बघितली. सतरंजीखाली कोण बसणार होतं? बाहेर येऊन त्यांनी कडी घातली, कुलूप अडकवलं, आणि किल्ली घातली, काढली, पुन्हा घातली. किल्ली फिरेना.

"मले नाही जमत," ते म्हणाले. "तूच लाव पोरी."

मी हात पुढे केला होता. नाना म्हणाले, "थांब." त्यांनी कुलूप काढलं, कडी काढली, आणि आत गेले. आतून म्हणाले, "आता लाव."

"नाना!" मी ओरडले. "काहीतरी काय! बाहेर या."

"तू मधी नको बोलू. लाव रे. मी हाक मारतो. ऐकू आली तर उघडजो."

काका रडत होते. नाही म्हणत मान हलवत होते. आतून नाना पुन्हा म्हणाले, "लाव ना यार," आणि तो आवाज आज्ञेचा नव्हता, विनवणीचा होता. तेव्हा मला कळलं की हे ते एकट्या काकांसाठी करत नाहीयेत. काकांनी दार लोटलं. कुलूप लागलं. दाराआड एकदम काहीच नाही. न हलण्याचा, न खोकण्याचा आवाज. मी दारावर दोन्ही हात टेकले. काकांनी कान लावला, किल्ली कुलपात घालून.

मग नानांनी हाक मारली. काकांचं शाळेतलं टोपणनाव, जे मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

काकांनी हाक पुरी व्हायच्या आत दार उघडलं. नाना घामानं ओले झाले होते आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण ते स्वतःच्या पायानं बाहेर आले. पायरीवर बसून त्यांनी चपला घातल्या. "ऐकू आलं?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "आलं ना बे." मग काकांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली खिशात टाकली. तिघं वर चढलो. वीट मी तशीच तिथे सोडली.

घरी आल्यावर नाना पाय धुवायला न्हाणीघरात गेले. मी गाद्या घालत होते. आधी बादली सरकवल्याचा आवाज आला, आणि मग थोड्या वेळानं कडी लागल्याचा. मी उशी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. किती वेळ थांबावं, कळेना. शेवटी राहवलं नाही.

"नाना?"

"आहे ना पोरी," आतून आवाज आला. "आतच आहे."