पायाखालचा फिल्टर

भिकाजीनं सिंथेसायझरचं मागचं झाकण उघडलं की त्याची बायको रत्नाबाई म्हणायची, "आता घर पेटलं तरी हे उठायचे न्हाईत."

पौडला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या भिकाजीनं ते जुनं वाद्य मुंबईच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून भरे गावात आणलं होतं. विहारातल्या गायन पार्टीत तो ते वाजवायचा. पण आवाजामागं सारखी घुंघुं चालायची आणि खालचे सूर रिकाम्या डब्यासारखे वाजायचे. त्यानं वाळून गेलेले कपॅसिटर उपसून नवे बसवले. आवाजाच्या वाटेवर जे खर्ज अडवून धरत होते, त्यांच्या जागी मोठे घातले. घुंघुं थांबली. खालची पट्टी दाबली की फळीवरची भांडी थरथरू लागली.

शहाऐंशीच्या जयंतीला हा आवाज वरच्या आळीपर्यंत पोचला. चार दिवसांनी तिथल्या जमीनदार हैबतरावाचा पोरगा जयसिंग दारात उभा.

"जत्रंला पालखीम्होरं वाजवायला ये."

"न्हाई जमायचं."

"तुझा आजा वाजवत हुता की!"

"आज्याला कुणी इचारलं नव्हतं. मला इचारलं, म्या न्हाई म्हनलं."

जयसिंग हसला आणि गेला. जत्रेच्या दिवशी भर दुपारी तो तिघांना घेऊन आला. हातात कुऱ्हाडीचे दांडे. पहिला घाव भिकाजीच्या पाठीत बसला, दुसरा मानेवर. तो वाद्यावर पालथा पडला, दोन्ही हातांनी त्याला कवटाळून. बरगडी मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तिघांनी त्याला ओढून काढलं, डावा हात उंबऱ्यावर धरला आणि जयसिंगनं दांडा घातला. एकदा नाही, हाडं मऊ लागेपर्यंत.

रत्नाबाईनं चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि जयसिंगच्या तोंडावर हाणलं. कान, गाल, केस, सगळं चरचरलं. तो गुरासारखा ओरडला. तिनं पुन्हा हाणलं. तिघे त्याला ओढत पळाले.

दवाखान्यात भिकाजीची दोन बोटं काढावी लागली. उरलेली वळेनात. कोर्टात साक्षीदार फिरले, जयसिंग सुटला. रत्नाबाईवरची उलटी केस मात्र रखडत राहिली.

भिकाजीला झोप येईना. एका सकाळी तो कोयता घेऊन ओढ्याच्या वळणावर बसला. जयसिंगची मोटारसायकल तिथूनच जायची. मान कुठं उतरवायची, हेही त्यानं ठरवलं होतं. फटफट ऐकू आली तेव्हा तोंडाला पाणी सुटावं तसं त्याला झालं. तेवढ्यात मागून रत्नाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"ह्यो हात बी घालवायचाय?"

मोटारसायकल निघून गेली. भिकाजीनं कोयता तिच्या हातात दिला.

उजव्या हातानं सूर वाजत होते, पण आवाज उजळवायची किंवा गडद करायची फिल्टरची कळ डाव्या हाताची. ती फिरवता येत नव्हती. कित्येक महिने वाद्य झाकलेलं राहिलं. मग एक दिवस त्यानं झाकण उघडलं. कळ सोडवून लांब वायरीनं बाहेर काढली आणि शिलाईयंत्राच्या जुन्या पायट्याला जोडली. तारेवर कथील ओतताना डाव्या हाताच्या न वळणाऱ्या बोटांना दोनदा चटका बसला. त्यानं हात मागं घेतला नाही. पाय दाबला की सूर उघडायचा, सोडला की अंधारात जायचा. हातानं कधी जमला नव्हता इतका सलग.

त्यानंतरच्या जयंतीला मिरवणूक वरच्या आळीतून निघाली. भिकाजी ट्रॉलीत जनरेटरशेजारी बसलेला. हैबतरावाच्या माडीवरून दगड आले. गायक गेणबाच्या कपाळावर खोक पडली, रक्त डोळ्यांत उतरलं.

"थांबू का रं?" त्यानं विचारलं.

"म्हन तू," भिकाजी म्हणाला आणि पायटा तळाशी दाबला.

आणखी दोन दगड पत्र्यावर आदळले. गेणबानं बाहीनं रक्त पुसून पुढची ओळ उचलली. रत्नाबाई बायकांच्या रांगेत होती. तिनं माडीकडं पाहिलं, आणि तिथला भाजका कान खिडकीआड सरला.