मुलाकडचे कोण?

आमच्या देवळातले, म्हणजे चर्चमधले, किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत, म्हणूनच बहुतेक ते इतके वाढले. जुन्या मंडळींपैकी दोघं भेटली की एक निघतो आणि तो संपायच्या आत दुसऱ्याला तोंड फुटतं! बायको म्हणते, "दर वेळी त्यात थोडं मीठ घालता तुम्ही." घालत असेन. पण भाजी देवळातलीच.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी रेल्वेत तारबाबू म्हणून लोणावळ्याला आलो. वय बावीस. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेला, आईबाप आठवतसुद्धा नाहीत. बोर्डिंगच्या रजिस्टरात 'पालक' या रकान्यात माझ्या नावापुढे नुसती आडवी रेघ होती. सुट्टी लागली की पोरं घरोघर जायची, मागे मी आणि वॉचमन उरायचो. वॉचमन चांगला होता, पण त्यालाही घरी जायचं असायचं. आपलं कुणी असावं, एवढी एकच हौस मला होती, आणि ती बोलून दाखवायची लाज वाटायची.

* * *

पहिल्याच रविवारी फजिती झाली.

देऊळ म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबट खोली, कुटुंबं जेमतेम चौदा. बोर्डिंगात मुलगे डावीकडे बसत, मुली उजवीकडे. मी सवयीने डावीकडे जाऊन दुसऱ्या बाकावर बसलो, डोळे मिटले, प्रार्थना केली. डोळे उघडले तर आजूबाजूला सगळी लुगडी!

इथे उलटं होतं. उजवीकडच्या खिडक्यांतून पावसाची झड आत येते, म्हणून ती बाजू पुरुषांना दिलेली. पण मला उठ म्हणायला कुणी तयार नाही. अख्खी उपासना मी बायकांत बसून गायलो. घामाने सदरा भिजला.

उपासना संपल्यावर शेजारची बाई म्हणाली, "आवाज बरा हाय तुजा. फुडल्या आयतवारी पल्याड बस. आन् आता जेवाय चल."

ही रूथमावशी. औंढ्याची, विधवा, मूलबाळ नाही. एका बंगल्यावर स्वयंपाकाला होती. त्या दिवसापासून माझं रविवारचं जेवण तिच्याकडे. मला विचारायचीसुद्धा नाही, ताट वाढूनच ठेवायची.

* * *

पुढे नवे पाळकसाहेब आले ते नगरकडचे. भला माणूस, पण सगळी उमर दुष्काळी गावांत गेलेली. जुलैतला त्यांचा पहिलाच रविवार. हात उंच करून ते प्रार्थना करू लागले, "हे प्रभू, तुझ्या तहानलेल्या भूमीवर पाऊस पाठव!"

पंधरा दिवस आम्ही सूर्य पाहिला नव्हता. पत्र्यावर असा मारा चाललेला की पाळकसाहेब ओरडून ओरडून पाऊस मागत होते!

प्रार्थना संपली. 'आमेन' म्हणायला कुणी तोंड उघडेना. साहेबांनी एक डोळा उघडून पाहिलं. तेव्हा बायकांच्या बाजूने रूथमावशी म्हणाली, "सायेब, नगरचा पाऊस नगरात पाडाया सांगा. हितं माज्या चुलीत शेवाळ आलंय!"

पाळकसाहेबांनी लगेच दुरुस्ती केली, "प्रभू, नगर जिल्ह्यात." मग मात्र दणकून आमेन झालं.

* * *

बेंजामिनभाऊ शेडमध्ये फिटर. घाटात गाड्यांना मागून रेटणारी इंजिनं त्याच्या हाताखालून जायची. त्याच्या प्रार्थनेला आम्ही सगळेच टरकून असायचो. कार्ल्यातल्या आजाऱ्यांपासून सुरुवात करून तो कुरवंड्याच्या म्हशींपर्यंत जायचा, नावानिशी. मुलं झोपून उठायची तरी भाऊ वाटेतच असायचा.

एकदा त्याची ड्यूटी अकराची होती. प्रार्थना ऐन भरात आलेली आणि शेडचा भोंगा झाला. भाऊने एक श्वास घेतला. "बाकीच्यांची नावं तुला पाठ आहेतच, आमेन!" म्हणत टोपी घालून पसार झाला.

पाळकसाहेब मला हळूच म्हणाले, "दानियल, तू रेल्वेतला आहेस. हा भोंगा दर रविवारी वाजवता येईल का रे?"

* * *

आमच्याकडे हंगामाचा सण मोठा. भात कापून झालं की प्रत्येक घर आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं काहीतरी देवापुढे आणून ठेवतं. कुणाचे तांदूळ, कुणाची कोंबडी, कुणाच्या शेंगा. मी राहायचो रेल्वेच्या चाळीत, वरच्या मजल्यावर. माझ्या दारात साधी तुळसही उगवणार नाही! म्हणून पहिल्या वर्षी मी बाहेरच रेंगाळत उभा राहिलो.

रूथमावशीने बघितलं. आत गेली, बाहेर आली आणि माझ्या हातात एक भलाथोरला भोपळा दिला. "चल, ठिव जा."

"मावशी, हा माझा नाही."

"माज्या परड्यात पिकलाय ना? मंग तुजाच की!"

मी तो नेऊन ठेवला. पाळकसाहेबांनी एकेकाचं नाव घेऊन आभार मानले आणि माझ्यापाशी आल्यावर गंभीरपणे म्हणाले, "आणि दानियलच्या परसातल्या भोपळ्याबद्दल." मी मान खाली घातली. हसू आणि रडू एकदम येत होतं, कुठलं आवरावं ते कळेना.

* * *

मला टायफॉईड झाला तेव्हा मंडळींनी मला प्रेमाने जवळजवळ मारलंच!

डॉक्टरांनी सांगितलं, विश्रांती आणि पातळ पेज. झालं. पहिल्याच संध्याकाळी खोलीत सात डबे पेज आली. डबा आणणारा प्रत्येकजण उशाशी उभा राहून प्रार्थना करायचा आणि मला उठून बसून आमेन म्हणावं लागायचं. सातव्या आमेनला घेरी आली.

दुसऱ्या दिवसापासून रूथमावशीने आतून कडी लावली आणि दाराशी पाट टाकून बसली. कुणी आलं की म्हणायची, "डबा ठिवा आन् भाइरूनच करा प्रार्थना. देवाला दारातनं ऐकू येतंय!"

बाहेर बेंजामिनभाऊचा आवाज कितीतरी वेळ चालला होता. मी आत पडून ऐकत होतो. आजारी असूनही इतकं सुख मला कधी लागलं नव्हतं.

* * *

माझं लग्न ठरत आलं शांताशी. नगरची, नर्स. तिच्या वडिलांचं पत्र आलं, "मुलगा पसंत आहे. मुलाकडचे कोण?" मी खरं तेच कळवलं, कुणी नाही.  त्यावर उत्तर आलं ते एवढंच, की तिसऱ्या पुकाराला ते स्वतः येऊन बसतील आणि मग काय ते ठरवतील.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात पुकार होतो. दोघांची नावं, घरची माहिती वाचतात, आणि कुणाची हरकत असल्यास आत्ताच सांगा, म्हणतात. माझा कागद मीच भरला होता. दोन पुकार सुरळीत झाले. रूथमावशी तेव्हा कापणीसाठी औंढ्याला बहिणीकडे होती.

तिसऱ्या रविवारी ती परत आली. पुढच्या बाकावर शांताचे वडील, काळा कोट, मांडीवर काठी, चेहरा दगडी. पाळकसाहेबांनी वाचलं, "दानियल. आईवडील माहीत नाहीत. नातलग कुणी नाहीत. या विवाहास कुणाची हरकत..."

"हाय!"

रूथमावशी उभी होती. शांताच्या वडिलांनी वळून पाहिलं. 

"मावशी," पाळकसाहेब कसेबसे म्हणाले, "काय हरकत आहे?"

"कागद खोटा हाय."

"त्यानेच भरून दिलाय."

"मंग त्योच लबाड बोललाय! नातलग कुनी न्हाईत म्हनं! इतकी वर्सं मी कुनाला जेवाय घातलं?" तिने बाकावर हात आपटला. "हा कागद वाचू नगा सायेब. माजी हरकत हाय."

उजवीकडे बेंजामिनभाऊ उठला. "माझीही आहे." त्याच्या मागचं बाक उठलं, मग त्याच्या मागचं. लहान मुलंसुद्धा उभी राहिली. शांताच्या वडिलांखेरीज मी एकटाच बसलेला होतो, कारण मला उठता येईना.

पाळकसाहेबांनी खिशातून पेन काढलं, ती ओळ खोडली आणि म्हणाले, "माझीसुद्धा."

शांताचे वडील काठी टेकत उठले. सावकाश चालत बायकांच्या बाजूला गेले आणि रूथमावशीसमोर हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, बसा आता. पुकार पुरा होऊ द्या."