किसनदादाची कबुली

किसनदादा गेल्याचं मला कारंज्याच्या बाजारात कळलं. वांग्याची पाटी घेऊन बसलेली कामरगावची बाई म्हणाली, "तुमचा किसनभाऊ गेला नं. तुमाले कोणी सांगतलं नाही काय?" नाही सांगितलं. तुरुंगातून आलेल्या माणसाच्या मरणाची खबर कोण कोणाला देतो...

किसन माझा मावसभाऊ. गावाबाहेर भाजीपाल्याचा मळा, दोघं भाऊ एकत्र राहत. धाकटा महादू डोक्यानं गरम. एका सकाळी तो विहिरीजवळ आपल्या बायकोला, राधाला, मारत होता. दादा मधे पडला, त्यानं महादूला ढकललं. तो मोटेचं पाणी पडतं त्या दगडी थारोळ्यावर पडला, दगडाची कड लागली आणि एक डोळा कायमचा गेला. त्याआधी दादानं बैलावरसुद्धा हात उगारलेला मी पाहिला नव्हता.

आमच्याकडे भावाभावांचं भांडण मारुतीच्या पारावर मिटतं. रीत अशी की थोरल्यानं चूक पदरात घ्यायची, असेल त्याहून जास्तच घ्यायची, म्हणजे धाकट्याला मागं सरायला जागा होते. म्हातारे म्हणाले, "किसन, मीच मारलं म्हण अन् मोकळा हो." दादानं शपथेचा बेल उचलला. "हो, मीच मारलं. डोया मीच फोडला." महादू रडला, दोघं एका ताटात जेवले. झालं, मिटलं!

कसलं मिटलं? दवाखान्यातून पोलिसांत वर्दी गेलीच होती. अकोल्याच्या कोर्टात तेच म्हातारे शपथेवर उभे राहिले आणि दादा पारावर काय बोलला ते जसंच्या तसं सांगून आले. त्यांच्यातला एकही खोटं बोलला नाही, याचीच मला आजही चीड येते. राधा सांगत राहिली, फक्त ढकललं होतं. जिला वाचवलं तिचं बोलणं कोण खरं धरतो?

निकालाआधी व्हरांड्यात मी म्हणालो, "दादा, तू तरी खरं सांग."

"सांगतलं न बापा. आता कोणी आयकून नाही राह्यलं."

शिक्षा भोगून आला तो खोकला घेऊनच. मळ्यात जाईना, पारावर तर नाहीच. पोरांना जवळ बसवून एकच गोष्ट शिकवायचा...

तेरवीनंतर मी दादाच्या घरी गेलो. अंगणात माठ फुटून पडला होता. सहज विचारलं, "कोणी फोडला रे?" दादाची धाकटी पोरगी भिंतीला टेकून उभी होती, फ्रॉक ओलाचिंब. तिनं तोंड उघडलं तोच तिची आई, माझी वहिनी, धावत आली आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

"आमच्या घरी कोणीच नाही फोडला, भाऊजी," ती म्हणाली.