झाडाची कंबर

माझ्या सासूबाई कपडे शिवतात आणि खोटं बोलतात. दोन्ही कामं त्या एकाच वेळी करतात आणि दोन्हींत त्यांचा हात धरणारं आमच्या वसाहतीत कोणी नाही.

म्हणजे असं, की गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्या कमरेभोवती टेप फिरवतात, आकडा बघतात, खडूने कापडाच्या कोपऱ्यावर खरा आकडा टिपतात आणि तोंडाने भलताच सांगतात. टेपवर चाळीस असले की तोंडात चौतीस. कपडा खऱ्या आकड्यावर बेततात, त्यामुळे तो असा चपखल बसतो की गिऱ्हाइकाला तोंडी आकड्याची शंकाही येत नाही. आमच्या वसाहतीत टेलरताईंचं माप म्हणजे ब्रह्मवाक्य, आणि त्यांच्या कृपेने इथे कित्येक वर्षांत कोणाचीच कंबर वाढलेली नाही.

अपवाद फक्त मी. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला आरशासमोर उभं केलं, टेप फिरवली आणि भरल्या दुकानात खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चौतीस!" माझ्या दुप्पट असलेली एक बाई नुकतीच "एकतीस" ऐकून खुशीत बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे असं काही कीव करून पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, सासू ती सासूच! पुढे मी त्यांच्याच शेजारच्या स्टुलावर बसून काजं-बटणं करायला लागले, आमचं गूळपीठही जमलं, पण ती एक अढी मनात राहिलीच.

आमचं दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. दोन मशिनं, एक आरसा, एक इस्त्रीचं टेबल. तीन माणसं आत आली की चौथ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यायचा. उरलेलं दुकान दारातल्या झाडाखाली. तिथे बाक आहे, बाकावर थांबलेली गिऱ्हाइकं आहेत, आणि वर इतकी दाट सावली आहे की भर उन्हाळ्यातही आमच्या पत्र्याच्या पडवीखाली बसवतं. सासूबाई त्या झाडाला रोज शिव्या घालतात. मशिनवर पान उडून आलं की, "परत टाकलंस? डोळे फुटले का तुझे?" आणि दुपारी खुर्ची ओढून त्याच्याच बुंध्याला पाठ टेकून झोपतात.

त्या झाडाच्या जागी दोन गाड्या उभ्या राहतील, असा शोध आमच्या सेक्रेटरींना लागला. सेक्रेटरी म्हणजे सहा फूट उंच, ताठ मानेचा माणूस. लग्नात होती तीच चौतीसची कंबर आजही आहे, हे ते जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. पँटी अर्थातच आमच्याकडे शिवतात. त्यांचा निरोप आला त्या दिवशी सासूबाईंनी झाडाला एकही शिवी दिली नाही. मला म्हणाल्या, "सावली गेली की गिऱ्हाईक गेलं. दारात गाडीचं तोंड आलं की राहिलेलंही गेलं. मग आपण दोघी आत बसून एकमेकींची मापं घेऊ."

वसाहतीची सभा भरली. एका झाडावरून भांडण नको, सगळ्याच झाडांसाठी एक नियम करू, असं ठरलं. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर अमुक इंच किंवा त्याहून जास्त भरला तर झाडाला हात लावायचा नाही, कमी भरला तर बहुमताने तोडायचं. अमुक म्हणजे किती, यावर तासभर भाजी मंडईसारखी घासाघीस झाली आणि गाडं चाळीसवर थांबलं. सेक्रेटरींनी तसं लिहिलं, आणि तेवढ्यात दातांचे डॉक्टर उठले. डॉक्टर झाडाच्या बाजूचे आणि अंगाने जेमतेम पाच फूट.

"छातीच्या उंचीवर म्हणजे कोणाच्या छातीच्या?" त्यांनी विचारलं.

"माझ्या," सेक्रेटरी म्हणाले.

"का? मला छाती नाही?"

आता गोम अशी, की ते झाड खाली घसघशीत आहे आणि वर निमुळतं होत जातं. डॉक्टरांच्या छातीशी ते वाचत होतं, सेक्रेटरींच्या छातीशी मरत होतं. मग जो काथ्याकूट झाला तो काय सांगू! दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं. डॉक्टर हळूच टाचा उचलायच्याऐवजी गुडघे वाकवताना पकडले गेले. माणसं आयुष्यभर उंच दिसायला धडपडतात, इथे एक सज्जन झाडासाठी बुटका व्हायला निघाला होता. सगळी सभा दात काढत होती.

शेवटी सेक्रेटरींनीच तोडगा काढला. "टेलरताई मध्यम उंचीच्या आहेत. त्यांच्या छातीइतकी उंची धरा, आणि मापही त्यांनीच घ्यावं. दुकान त्यांचं असलं तरी ताई स्वतःच्या विरुद्धही खरंच सांगतील. इतक्या वर्षांत त्यांचा आकडा एकदाही चुकलेला नाही."

मी नजर जमिनीकडे वळवली. सासूबाई मात्र गळ्यातली टेप काढत तरातरा झाडाकडे निघाल्या आणि मागे अख्खी सभा. त्यांनी बुंध्याभोवती टेप गुंडाळली, मी बाजूने सरळ धरली. आकडा मला स्पष्ट दिसला. बेचाळीस! वाचलो. मी डोळे मिटून श्वास सोडला.

"छत्तीस!" सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि सवयीप्रमाणे टेप झटक्यात गळ्यात टाकली.

मी डोळे उघडले. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. आपल्या तोंडातून काय गेलं ते त्यांना कळलं होतं आणि चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता.

"छत्तीस! संपलं," सेक्रेटरी म्हणाले.

"थांबा, चुकलं माझं," सासूबाई कशाबशा म्हणाल्या. "बेचाळीस आहे."

डॉक्टरांनी टेप घेऊन पुन्हा मोजलं. बेचाळीसच. पण सेक्रेटरी ऐकतात कुठले! "टेप हवी तशी ढिली धरता येते, डॉक्टर. ताईंच्या तोंडून पहिला आकडा निघाला तो खरा. आता दुकान आठवलं म्हणून फिरवताहेत. ताईंचं माप चुकतं हे मला कोणी सांगू नये. मला त्यांनी कालच सांगितलंय, चौतीस."

सासूबाईंनी झाडाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, मग गोळा झालेल्या आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. आता त्या काय करणार ते मला कळलं आणि मी त्यांचा पदर ओढला. एकदा हे बोललं की सावली राहिली तरी दुकान बसणार होतं. त्यांनी पदर सोडवून घेतला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "माझं माप चुकत नाही. माझी जीभ चुकते. मुद्दाम. या इकडे."

साहेब आले. छाती फुगवून, पोट पाठीला लावून. टेप फिरली. सासूबाई एरवीसारख्या घाईने काढेनात, नुसत्या धरून उभ्या राहिल्या. श्वास माणूस किती वेळ धरणार? साहेबांचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग जांभळा, मग त्यांनी हुश्श केलं आणि पोट आपल्या जागी परत आलं.

"एक्केचाळीस," डॉक्टरांनी टेपवर वाकून वाचलं.

कोणी हसेना. सेक्रेटरी पुतळ्यासारखे उभे. मग मागून एक हुंदका आल्यासारखं वाटलं, आणि पाहते तर सेक्रेटरींच्या पत्नी! तोंडावर हात दाबून त्या गदगदा हलत होत्या. "अहो, रोज इस्त्री मी करते," त्या म्हणाल्या. "पँट टेबलावर मावत नाही, मला ठाऊक नाही होय?"

मग जी खसखस पिकली! आणि हसू ओसरतंय तोवर एका बाईंच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे ताई... माझी अठ्ठावीस?"

"छत्तीस," सासूबाई म्हणाल्या.

"अगं बाई!"

"आणि माझी?" "आणि माझी?" झाडाखाली रांगच लागली. आकड्यागणिक किंकाळी, किंकाळीगणिक हशा. डॉक्टर जमिनीवर बसून डोळे पुसत होते. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली तेव्हा सेक्रेटरींनी घसा साफ केला. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "झाड बेचाळीस, मी एक्केचाळीस. दोघेही चाळीसच्या वर. दोघांनाही तोडता येत नाही." आणि त्यांनी स्वतःच टाळी वाजवली. त्या क्षणापासून तो माणूस मला आवडतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना आम्हा दोघींची पाचावर धारण बसली होती. कोण येणार आता? बाक भरलेला होता! अठ्ठावीसच्या बाई सगळ्यांत पुढे. "ताई, शिवा खऱ्या मापाने," त्या म्हणाल्या, "पण सांगायचं ते जुन्याच मापाने सांगा. काल घरी गेले तर जेवण गेलं नाही." सासूबाईंनी टेप फिरवली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "सत्तावीस." बाई तरंगत बाहेर गेल्या.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर त्या झाडापाशी गेल्या, टेप गुंडाळली आणि वसाहतभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "बेचाळीस!" मग माझ्याकडे वळल्या. "इकडे ये, तुझा नवा ड्रेस बेतायचाय." टेप फिरली. "अडतीस!" तेवढ्याच मोठ्यांदा.

"आई!" माझा बांध फुटला. "सगळ्या जगाला गोड आकडा, आणि मला मेलीला पहिल्या दिवसापासून खरा. का म्हणून?"

त्या खडू शोधत होत्या. वरही न पाहता म्हणाल्या, "तू काय गिऱ्हाईक आहेस?"

मी त्यांच्या कानामागे खोचलेला खडू काढून त्यांच्या हातात दिला. मला हसायला येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही, म्हणून मी झाडाकडे तोंड करून उभी राहिले.

"हलू नकोस गं," सासूबाई म्हणाल्या. "अजून खांदे राहिलेत."