मायचा थोटा हात

"बोटं पूर्ण कर," मॅनेजर म्हणाला. "पाहुणे येणार आहेत. असला थोटा हात कुणाला बघायचाय?"

हिंगण्याच्या कंपनीची भिंत होती ते. कामगारायचं चित्र काढाचं काम मले भेटलं होतं. मी माह्या मायले काढलं. प्रेस मशीनसमोर उभी. उजव्या हाताचे दोन बोटं नाही. याच कंपनीत गेले ते.

मी शिडीवर. खाली साहेब लोकं चहा पिऊन राहिले होते. मी म्हटलं, "साहेब, बोटं तुमच्याच मशीननं तोडले. मी कुठून आणू?"

तो हसला. "कोट्यातून आर्ट कॉलेजात शिरायचं आणि इथे येऊन मोर्चा काढायचा. कलाकार आहेस ना? मग फुलं काढ, पाखरं काढ. राजकारण आम्ही बघतो."

सारे हसले. शिफ्ट सुटलेल्या बाया तिथंच उभ्या होत्या. मायच्या सोबतच्या. त्यायनं माना खाली घातल्या. ते मले हसण्यापेक्षा जास्त लागलं.

मॅनेजरनं रंगारी बोलावला. मले म्हणाला, "उतर. आणि शिडी धर त्याची. तुझीच घाण आहे."

मी उतरली. "नाही धरत."

एवढंच बोलली. रोलर फिरला. पयले मायचा हात गेला, मंग तोंड. मी शेवटपर्यंत उभी राहून पाह्यलं.

घरी माय भडकली. "काहून गेली वं तिथं? चार लोकायत हसू करून घेतलं माहं!"

मी म्हटलं, "आज्यानं धम्माची दीक्षा घेतली तवा कोणाले इचारलं होतं का, माय?"

माय त्या राती जेवली नाही.

आमच्या वस्तीची भिंत रस्त्याले लागून आहे. कंपनीची बस तिथूनच जाते. दुसऱ्या दिवशी मी तिथं रंग कालवला. माय आली. हात समोर धरून उभी राहिली. म्हणे, "मोठा काढ. बसमधून दिसला पाह्यजे."

मॅनेजरचा फोन आला. पोलिसात देईन म्हणे. दे म्हटलं.

हे भिंतही पुसतील. मी दुसरी धरीन. पण शोभेसाठी माह्या हातून आता एक रेघ निघणार नाही. मी जे काढीन ते त्यायले खुपंलच. खुपावं म्हणूनच काढीन.