टपटप नावाचं पान

"भाऊ, एलेव्हेटर बंद पडलं! तेल-पाणी लावलेली तूर खाली पडून हाये. आज वर चढली नाही तं आंबून जाईन!"

अकोल्याहून रफिकभाई फोनवर ओरडत होते. त्यांची डाळमिल आहे. एलेव्हेटर म्हणजे पट्ट्याला डबे लावलेली उभी मशीन, ती तूर वरच्या मजल्यावर नेते. मी अशा मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर. त्या वेळी तिवस्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाची मोटर उघडून बसलो होतो. अकोला गाठेपर्यंत संध्याकाळ झाली असती.

पण सांगतो, मला उलट चेव आला. माझी विकी होती ना! दिवाळीच्या सुट्टीत घरच्या लॅपटॉपवर बनवलेली. विकी म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पानांची वही. अख्खी वही एकाच फाइलमध्ये, ब्राउझरमध्ये उघडते, इंटरनेट लागत नाही. मी दुरुस्त केलेले सगळे बिघाड तिच्यात होते. प्रत्येक पानाला टॅग, म्हणजे शोधायची खूण. आधी मी पार्टच्या नावांचे टॅग दिले. पण फोनवर पार्टचं नाव सांगतो कोण? सगळे आवाज सांगतात. मग टॅग बदलले: खडखड, कुरकुर, घरघर. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत. काय खूश होतो मी!

अमरावतीला घरी बायकोला, सुनीताला, कॉन्फरन्सवर घेतलं.

"डेस्कटॉपवरची विकी उघड."

"उघडली. कोरी हाये."

"कोरी कशी राहीन?"

"मी काहून खोटं बोलू? एक बी पान नाही!"

मग डोक्यात प्रकाश पडला. ब्राउझर मूळ फाइलवर लिहीत नाही. सेव्ह केलं की दरवेळी नवी कॉपी डाउनलोड्समध्ये टाकतो. डेस्कटॉपवर होती ती पहिल्या दिवशीची, रिकामी.

"डाउनलोड्समध्ये जा. सगळ्यात नवी तारीख असलेली उघड."

"अगंबाई, इथं तं विकीची जत्रा भरली! हं, उघडली. पानंच पानं हायेत!"

जिवात जीव आला. "रफिकभाई, बंद करायच्या आधी आवाज कसा होता?"

"टप-टप-टप करून राहिलं होतं."

सुनीतानं टपटपवर क्लिक केलं. एकच पान! ती वाचू लागली, "पट्ट्याच्या जोडाचे बोल्ट ढिले. जोड आतल्या पत्र्याला लागतो, मग अडकतो. मेन स्विच बंद करा, मगच झाकण उघडा. नवे बोल्ट टाका, खालून पट्टा ताणा. रफिकभाई, मेन स्विच बंद केला का?"

"करतो, भाभी."

दुपारचा चहा होईस्तोवर पुन्हा फोन. "चाललं! तूर वर चालली, भाऊ!" मी तिवस्यात पाना घेऊन उडीच मारली. गिऱ्हाईक बघतच राहिलं.

सेव्हचं बटण दाबलं म्हणजे सेव्ह झालं, असं नसतं. फाइल बंद करावी, परत उघडावी, डोळ्यांनी पाहावं. आता ब्राउझरला मूळ फाइलवरच लिहिणारं एक्स्टेन्शन जोडलंय.

रफिकभाई मात्र हल्ली मला फोन करत नाहीत, थेट सुनीताला करतात. परवा कारण विचारलं.

"तुमी लय बोलता, भाऊ," म्हणाले. "भाभी सीधं पान वाचते."