बुडीत कंपन्यांची यादी

औसा रोडवरच्या नेट कॅफेत एक गृहस्थ दर सोमवारी माझ्या शेजारी बसतात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. इंग्लंड, दुबई, सिंगापूर अशा ठिकाणच्या दिवाळखोर कंपन्यांच्या सरकारी याद्या उघडतात आणि स्क्रीनवर लाकडी पट्टी धरून ओळ न् ओळ वाचतात. "नोंद न्हाई असं जगात कायबी नसतंय, सर. मागायचं कुठं, ते ठाव पाहिजे."

मुलगा सिंगापूरला, या तिन्हीकडे शाखा असलेल्या कंपनीत नोकरीला. 'कंपनी बुडाली की येतोच लातूरला,' असं तो एकदा गमतीत म्हणाला होता. यांनी ते लेखी आश्वासन समजून जपलं.

परवा त्या कंपनीचं नाव यादीत खरंच निघालं. गृहस्थांनी कॅफेभर पेढे वाटले. दिवाळखोरीचा पेढा मी पहिल्यांदाच खाल्ला. मग तिथूनच त्यांनी मुलाला फोन लावला. "हाव... हाव... बरं झालं की मग," एवढंच बोलले.

"कधी येतोय?" मी विचारलं.

"कॅनडात लागला. लई मोठी कंपनी हाय म्हणं."

ते कॅनडाची यादी शोधू लागले. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, मोठी कंपनी बुडायला किती वर्षं लागत असतील?"